मातीचे किल्ले, कल्पनेचीं राज्यें

सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर आटोपला, कीं कल्याणच्या जुन्या वाड्यांतून दगड आणि विटा नाहींशा होऊं लागत. परसांतली मोडकी चूल, पडक्या भिंतीचा ढीग, विहिरीच्या काठावर कोणी विसरलेले फरशीचे तुकडे, सारें कांहीं अंगणाच्या एका कोपऱ्यांत येऊन पडे. कोणी वाण्याकडून गोणपाट मागून आणी, कोणी टोपलींतून माती वाही. दगडांचा ढीग रचावा, चिखलांत बुडविलेलें गोणपाट त्यावर पसरावें, वर चाळलेल्या मातीचा हात फिरवावा, उतारावर हळीव किंवा मोहरी पेरावी आणि दोन्ही वेळां पाणी शिंपडावें, म्हणजे वसुबारसेपर्यंत डोंगरावर हिरवें रान उभें राही. मग बाजारांतून मातीचीं चित्रें येत. सिंहासनावर बसलेले शिवाजीमहाराज, ढालतलवार घेतलेले मावळे, भालदार, चोपदार, डोक्यावर घागर घेतलेली गवळण, आणि एक वाघ. हा वाघ बहुधा मावळ्याच्या दुप्पट असे, आणि गवळण वाघाहूनहि मोठी. त्याचें कोणासच वैषम्य वाटत नसे.

खरा वाद मातीवरून होत नसे. दरवाजा कोणत्या अंगास ठेवावयाचा? पाण्याचें टाकें बालेकिल्ल्यावर खोदावयाचें कीं माचीवर? किल्लेदार कोण? एकानें सांगावें, कीं ह्या बुरुजाखालीं भुयार असून तें थेट खाडींत निघतें. दुसऱ्यानें विचारावें, मग भरतीचें पाणी आंत कसें शिरत नाहीं? पहिल्यानें क्षणभर थांबून भुयाराच्या तोंडाशीं लोखंडी दार बसवावें. तें दार कोणीं घडविलेलें नसे, कोणास दिसतहि नसे. परंतु एकदां सर्वांनीं मान डोलविली, कीं तें आहे. उद्यां पलीकडल्या आळींतील मुलें हल्ला करण्यास आलीं, तर त्यांनासुद्धां तें दार आधीं फोडावें लागे.

वडील मंडळी ह्या उद्योगाकडे दोन दृष्टींनीं पाहत आलीं आहेत. कांहींच्या मतें तो कपडे मळविण्याचा एक मार्ग आहे. कांहींच्या मतें तो इतिहासाचा पाठ आहे. दोन्ही मतांत तथ्य आहे. परंतु त्या न दिसणाऱ्या लोखंडी दाराचा उलगडा ह्यांपैकीं एकाहि मतानें होत नाहीं. जें पांचसहा जणांनीं मिळून रचिलें, ज्याचे नियम त्यांनींच ठरविले आणि मग स्वतःवर बंधनकारक मानिले, असें एक लहानसें जग त्या कोपऱ्यांत उभें राहत असे. महाराष्ट्राबाहेरहि लोकांनीं अशीं जगें रचिलीं आहेत, आणि त्यांतून एका सबंध खेळाचा जन्म झाला आहे. त्या खेळाची हकीकत अंगणांतल्या किल्ल्याशेजारीं ठेवून पाहण्यासारखी आहे.

कल्याण-ठाण्याच्या मुलांस किल्ल्याची कल्पना पुस्तकांतून घ्यावी लागली नाहीं. कल्याणच्या खाडीकांठीं दुर्गाडी आहे. 1657 सालीं कल्याण आणि भिवंडी शिवाजीमहाराजांच्या ताब्यांत आलीं, आणि दोनच वर्षांनीं, 1659 च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारांत, ह्या खाडींत मराठ्यांचीं जहाजें बांधलीं जात असल्याची चिंता दिसते. आग्नेयेस मलंगगडाचा सुळका उभा आहे. 1780 सालीं इंग्रजांच्या फौजेनें त्याला वेढा घातला होता. ईशान्येस, आसनगांवाजवळ, माहुली. शहाजीराजांनीं 1636 सालीं निजामशाही वांचविण्याचा शेवटचा प्रयत्न तेथेंच केला आणि तेथेंच त्यांस शरण जावें लागलें. पावसाळा सरून हवा निवळली, कीं डोंबिवलीच्या एखाद्या गच्चीवरून मलंगगडाची आकृति स्पष्ट दिसते, आणि मुलांच्या किल्ल्यांना जो एक उगाचच उंच व अरुंद सुळका असतो त्याचें मूळ तेव्हां ध्यानांत येतें.

ठाण्याचा किल्ला मात्र कोणी मुलगा क्वचितच बांधतो. तो सपाटीवरचा, खाडीलगतचा. त्याला ना डोंगर ना कडा. पोर्तुगीजांनीं 1730 च्या सुमारास तो बांधावयास घेतला, 1737 सालीं मराठ्यांनीं घेतला, 1774 च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं जिंकला, आणि पुढें त्याचा तुरुंग झाला; आजहि ठाण्याचें मध्यवर्ती कारागृह तेथेंच आहे. परंतु खेळांत शोभावी अशी एक खरी घटना ह्याच किल्ल्यांत घडली आहे. गंगाधरशास्त्री पटवर्धन ह्यांचा 1815 सालीं पंढरपुरास खून झाल्यावर इंग्रजांनीं पेशव्यांचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे ह्यास ताब्यांत घेतलें आणि ठाण्यास ठेविलें. पहाऱ्यास मुद्दाम गोरे शिपाई नेमिले, म्हणजे कोणी मराठा माणूस फितूर होण्याचा प्रश्नच उरूं नये. आंतील एका अधिकाऱ्याच्या घोड्यांना मोतद्दार हवा होता. एक मराठा नोकरीस राहिला. तो रोज घोडा फिरवीत त्रिंबकजीच्या खिडकीखालून जाई आणि आपल्याशींच गाणीं म्हणत असे. गोऱ्या पहारेकऱ्यांना त्यांतला शब्द कळत नव्हता. त्या गाण्यांतच पळून जाण्याचा सारा बेत सांगितलेला होता! 1816 च्या सप्टेंबरांत एका पावसाळी रात्रीं त्रिंबकजी निसटला. बिशप हेबर हा कांहीं वर्षांनीं ह्या प्रांतांतून गेला, तेव्हां त्यानें ही हकीकत ऐकून आपल्या प्रवासवृत्तांत नमूद केली. ग्रँट डफनेंहि ती दिली आहे. त्या मोतद्दारानें घेतलेलें सोंग, कैद्यानें त्याला दिलेली मूक साथ, आणि मधोमध कांहींच न समजणारा पहारेकरी, हा प्रसंग मुलांच्या खेळांतून इतिहासांत आला असावा असें वाटतें. पण तो इतिहासच आहे.

उलट प्रकारहि आहे. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट महाराष्ट्रांतील प्रत्येक मूल जाणतें. शाळाशाळांतून तिचे नाट्यप्रवेश झाले आहेत. त्या गोष्टीस समकालीन साधनांचा आधार नाहीं, असें अनेक इतिहाससंशोधकांनीं म्हटलें आहे. तरीहि ती टिकली, कारण महाराज कसे होते ह्याविषयींची लोकांची खात्री तिच्यांत साठविलेली आहे. अंगणांतल्या किल्ल्यावर खरें आणि रचिलेलें हीं दोन्ही अशींच एका मातींत मिसळतात.

आतां थोडें दूर जावें. इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांत हॉवर्थ नांवाचें एक खेडें आहे. 1826 च्या जूनमध्यें तेथील धर्मोपदेशक पॅट्रिक ब्राँटी ह्यांनीं आपल्या मुलासाठीं लांकडी शिपायांची एक पेटी आणली. शिपाई बारा होते. ब्रॅनवेल हा मुलगा आणि शार्लट, एमिली व ॲन ह्या तीन बहिणी ह्यांनीं एकेक शिपाई उचलून त्याला नांव दिलें. शार्लटनें आपल्या शिपायास वेलिंग्टन म्हटलें, ब्रॅनवेलनें आपल्यास बोनापार्ट. हा वेलिंग्टन म्हणजे 1803 सालीं असईच्या रणांत शिंदे-भोसल्यांच्या फौजांशीं लढलेला तोच सेनानी. मराठी मुलाच्या किल्ल्यावर त्याला शत्रुपक्षांत उभें राहावें लागलें असतें. ह्या शिपायांसाठीं चौघा भावंडांनीं आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एक कांचनगरी वसविली, तिचे नकाशे काढिले, तिचीं मासिकें चालविलीं. मासिकें तळहाताहूनहि लहान, कारण तीं शिपायांनीं वाचावयाचीं होतीं! पुढें शार्लट आणि ब्रॅनवेल ह्यांनीं अँग्रिया नांवाचें राज्य रचिलें, तर एमिली आणि ॲन ह्यांनीं फुटून गोंडाल नांवाचें बेट वसविलें. त्या दोघी मोठ्या होईपर्यंत त्या बेटाच्या गोष्टी रचीत होत्या. पुढें ह्या तिन्ही बहिणी इंग्रजी कादंबरीच्या इतिहासांत अमर झाल्या.

आपल्याकडे किल्ला मुलग्यांचा आणि भातुकली मुलींची, अशी वांटणी पुष्कळ काळ चालत आली. वास्तविक भातुकली हेंहि सोंग घेऊन खेळावयाचें जगच. पण एका घरांत भावंडें असलीं, कीं वांटणी मोडे. गडावरचा दरबार भावाकडे राही, आणि पायथ्याचें गांव, त्यांतला बाजार, विहीर, देऊळ, तुळशीवृंदावन हें सारें बहिणीच्या हातचें असे. लढाई दोन घटकांत संपे. गांव मात्र चारहि दिवस चाले.

मांडून खेळण्याच्या लढाईचा उगम शोधूं गेलें असतां वाट पुन्हां भारताकडेच येते. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशा चार अंगांची सेना पटावर मांडणारें चतुरंग येथून इराणांत गेलें आणि तेथून बुद्धिबळाच्या रूपानें युरोपांत पसरलें. 1780 सालीं ब्रन्सविक येथील हेलविग ह्यानें बुद्धिबळाचा पट पुष्कळ मोठा करून त्यावर डोंगर, नद्या व गांवें दाखविलीं. प्रशियांत फॉन राइसविट्झ ह्या गृहस्थानें 1812 सालीं राजासाठीं अशा खेळाचें एक सबंध टेबलच बनविलें. त्यावर भूमीचे तुकडे हवे तसे जुळवितां येत. त्याच्या मुलानें 1824 सालीं टेबल सोडून नकाशा घेतला आणि दोन महत्त्वाच्या गोष्टी पक्क्या केल्या. एक म्हणजे पंच. खेळाडूंनीं आपले हुकूम पंचास सांगावयाचे आणि त्यांच्या सैन्यास जेवढें दिसेल तेवढेंच पंचानें त्यांस सांगावयाचें. दुसरी म्हणजे फांसा. लढाईंतलें दैव त्याच्या हातीं दिलें. प्रशियाच्या सैन्यांत हा खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणाचा भाग झाला. पुढें एच्. जी. वेल्स ह्या सुप्रसिद्ध लेखकानें 1911 व 1913 सालीं दोन छोटीं पुस्तकें लिहून खेळांतले शिपाई पुन्हां घराच्या फरशीवर आणिले.

येथपर्यंत खेळाडू सेनापतीच होता. बदल घडला तो अमेरिकेंत. मिनेसोटा राज्यांत डेव्हिड वेसली नांवाच्या तरुणानें 1969 च्या सुमारास एका काल्पनिक जर्मन गांवाचा खेळ मांडिला आणि प्रत्येक खेळाडूस पलटणीऐवजीं एकेक माणूस दिला: कोणी नगराध्यक्ष, कोणी विद्यापीठाचा प्रमुख. खेळाडू आपापसांत कानगोष्टी करूं लागले, कट रचूं लागले, आणि ठरविलेली लढाई बाजूसच राहिली. वेसलीला वाटलें, खेळ फसला. खेळाडूंना मात्र असा खेळ पुन्हां हवा होता. त्यांतल्याच डेव्ह आर्नेसन ह्यानें पुढें टेबलावर एक किल्ला मांडिला. तो प्लास्टिकचा होता, इतकाच काय तो फरक. मित्रांस त्यानें सांगितलें, कीं ह्या किल्ल्याखालीं तळघरें आहेत, आणि त्यांत काय आहे तें तुम्हींच उतरून पाहावें. मित्र उतरले. तळघरांतून भुयारें निघालीं. मग किल्ल्याखालचें गांव लागलें, गांवापलीकडचें रान लागलें, आणि ब्लॅकमूर नांवाचा एक सबंध प्रांत उभा राहिला. विस्कॉन्सिनमधील गॅरी गायगॅक्स ह्यानें ही कल्पना उचलली, आपला ग्रेहॉक किल्ला रचिला, आणि दोघांनीं मिळून 1974 सालीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ ह्या नांवानें खेळाचे नियम छापले. पहिली आवृत्ति अवघी एक हजार प्रतींची होती. आज त्या खेळाचे आणि त्याच्या वंशजांचे खेळाडू जगभर आहेत. मुंबई-पुण्याकडील तरुणांतहि त्याची मंडळें जमतात.

खेळण्याची रीत अशी. पांचसहा जण टेबलाभोंवतीं बसतात. एक जण सूत्रधार. बाकीचे एकेक सोंग घेतात; कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. सूत्रधार म्हणतो, समोर दार आहे. चोर विचारतो, दाराला कुलूप आहे काय? आहे. तें उघडतां येईल काय? येथें वीस पैलूंचा फांसा टाकावयाचा, आणि जें पडेल तें सर्वांनीं मानावयाचें. कुणी विचारतो, हें कुलूप घडविलें कोणीं? सूत्रधारानें त्याचा विचारहि केलेला नसतो. तो उत्तर देतो. त्या उत्तरांतून एक लोहार निर्माण होतो, लोहाराचें गांव निर्माण होतें, आणि पुढल्या आठवड्यांत खेळाडू त्याच गांवाची वाट धरतात. जग असें प्रश्नांनीं वाढत जातें. कल्याणच्या अंगणांत भरतीच्या पाण्याविषयीं विचारणाऱ्या मुलाचें काम हेंच होतें. शंका घेणारा तो मुलगा रचणाऱ्याइतकाच त्या भुयाराचा कर्ता आहे.

मराठी मनाला हा प्रकार परका वाटूं नये. दक्षिण कोंकणांतील दशावतारी नाटकाला लिखित संहिता नसते. आरंभीं गणपति, सरस्वती, संकासुर ह्यांचा ठरलेला भाग होतो. मग रात्रीचें आख्यान लागतें. कोणतें आख्यान लावावयाचें आणि कोणी कोणतें सोंग घ्यावयाचें हें रंगपटांत ठरतें, कथेचा सांगाडा सांगितला जातो, आणि त्यापुढचें प्रत्येक वाक्य नट रंगभूमीवर उभ्या उभ्या रचितो. समोरच्या पात्रानें अनपेक्षित प्रश्न टाकला, तर उत्तर तेथेंच द्यावें लागतें. ठाणें-डोंबिवलींत वसलेली मालवणी मंडळी आजहि आपल्या उत्सवांतून हे प्रयोग आवडीनें करवितात. देवळांतून उत्सवाच्या अखेरीस होणाऱ्या लळितांतहि हेंच दिसतें. सोंगें येतात, त्यांना तुम्ही कोण, कोठून आलां, असें विचारलें जातें, आणि त्यांच्या उत्तरांतून प्रवेश चालतो. अमेरिकेंतील खेळांत फांसा आला, आणि त्यामुळें सूत्रधारासहि पुढलें ठाऊक नसतें. दशावतारांत शेवट ठरलेला, दैत्य मरावयाचाच. मुलांचा किल्ला ह्या दोहोंच्या मधें कोठें तरी बसतो. महाराज हरणार नाहींत हें ठरलेलें. बाकी सारें मोकळें.

ही मोकळीक आज कितपत उरली आहे? 16 एप्रिल 1853 रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली, आणि पुढल्याच वर्षीं ती कल्याणास पोंचली. त्या रुळांनींच ह्या गांवांचें नशीब बदललें. मुंबईंत नोकरी आणि येथें बिऱ्हाड, ही रीत पडली. गिरगांव-दादरच्या चाळींतून जागा न मिळालेलीं कुटुंबें डोंबिवलीस आलीं, आणि आपल्याबरोबर दिवाळीचा किल्लाहि घेऊन आलीं. 1983 सालीं कल्याण-डोंबिवली महानगरपालिका झाली; 2011 च्या शिरगणतींत तिची वस्ती सुमारें साडेबारा लाख भरली, ठाण्याची अठरा लाखांवर गेली. वाडे पडले, चाळींच्या जागीं सहकारी गृहसंस्थांच्या इमारती उठल्या, अंगणावर फरशी आली, आणि फरशीवर मोटारी आल्या. मातीच राहिली नाहीं, तर ती कोठून आणावयाची? बाजारांत आतां पिशवींतून विकत मिळते. प्लॅस्टरचा रंगविलेला तयार किल्लाहि मिळतो. तो जिन्याखालीं ठेवितां येतो आणि दिवाळी संपली, कीं माळ्यावर टाकितां येतो. त्याला भुयार असूं शकत नाहीं, कारण तो आंतून पोकळ आहे आणि तें सर्वांस ठाऊक आहे.

दुसरा बदल अधिक विचार करण्यासारखा आहे. ठिकठिकाणीं किल्ल्यांच्या स्पर्धा भरतात. त्यांत राजगड, प्रतापगड, सिंधुदुर्ग अशा खऱ्या दुर्गांच्या प्रतिकृति होतात, प्रत्येक दरवाज्याला पाटी असते, आणि शेजारीं उभा असलेला मुलगा परीक्षकांस न चुकतां माहिती सांगतो. ह्या स्पर्धांनीं पुष्कळ भलें केलें आहे. तरुण मंडळी नकाशे घेऊन खरे गड चढूं लागली. संजीवनी माची म्हणजे काय, चिलखती तट कसा असतो, हें शाळकरी मुलांस कळूं लागलें. त्या ज्ञानाला नाक मुरडणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु प्रतिकृतींत चूक होऊं शकते, आणि चूक झाली कीं गुण जातात. जो किल्ला कोठेंच नाहीं त्यांत चूक होत नाहीं. तेथें फक्त प्रश्न पडतात. परीक्षकांच्या कागदावर प्रमाणबद्धतेला एक रकाना असतो. मावळ्याच्या दुप्पट वाघाला त्यांत जागा नाहीं, आणि खाडींत निघणाऱ्या भुयारालाहि नाहीं. स्पर्धा भरविणाऱ्यांनीं एखादें पारितोषिक ज्याला नांवच नाहीं अशा गडासाठीं वेगळें राखलें, तर इतिहासाचें कांहीं उणें होणार नाहीं. रायगड जेव्हां बांधावयास घेतला, तेव्हां हिरोजी इंदुलकरापुढेंहि प्रतिकृति करावयास दुसरा रायगड नव्हता.

अजूनहि एखाद्या इमारतीच्या मागच्या बाजूस, पाण्याच्या टाकीजवळ, चारदोन मुलें विटा रचतांना दिसतात. चिटणीसांची परवानगी काढिलेली असते, दिवाळीनंतर जागा धुऊन देण्याची हमी दिलेली असते. भाऊबीज होते, पाहुणे जातात. कांहीं घरांतून किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत राहतो, कांहींतून शेवटचा लवंगी फटाका त्याच्या बुरुजांतच उडतो. मग माती कुंड्यांतून वांटली जाते, गोणपाट वाळत पडतें. चित्रें मात्र कोणी टाकीत नाहीं. सिंहासनावरचे महाराज वर्तमानपत्राच्या कागदांत गुंडाळून बुटांच्या खोक्यांत जातात. त्यांच्याशेजारीं मावळे, ज्यांतल्या एकाचा हात मोडलेला आहे; पण मुलांत असें ठरलें आहे, कीं तो हात भुयारांतल्या दारावर झालेल्या लढाईंत गेला, आणि पुढल्या वर्षीं किल्लेदारी त्याच्याकडे द्यावयाची.